दोघांचं भाडं

गडहिंग्लजला मी आणि रिजवान समोरासमोर राहायचो. फ्लॅट एकाच बिल्डरचे, मालक वेगळे. मी जमीन मोजणीच्या खात्यातला, म्हणून एकदा टेप लावून बघितली. दोन्हीकडं चारशे बारा चौरस फूट. तरी मी साडेसात हजार भरायचो आणि तो अडीच. माझा नुसता जळफळाट व्हायचा. तो बायकोला, आफशीनला घेऊन दर रविवारी हॉटेलात जायचा. मी मात्र सात वर्षांच्या लेकीला, स्नेहलला, सायकलसाठी दोन वर्षं तारखाच देत होतो.

जेवताना त्यांचं दार उघडं असायचं. माणसं दोन, ताटं तीन. पाहुणा कधी दिसला नाही.

आफशीनला दिवस गेले आणि त्यांनी घर सोडलं.

"आता आमी तीन हुनार. हितं दोघांनीच ऱ्हायचं असतंय," रिजवान म्हणाला.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

तो फ्लॅट मी मागितला. त्याच्या मालकीण धोंडुबाई उचगावहून एसटीनं आल्या.

"माणसं किती?"

"दोघंच की. पोरगी आजीकडं असती, नृसिंहवाडीला."

भाडेकरू घरातली माणसं कमीच सांगतो. स्नेहलला मी तेवढ्यापुरतं गच्चीवर पाठवलं होतं.

"बगा हं. तिसरी जागा भरल्याली हाय तितली."

म्हातारी पाणी वाचवत असेल, असं धरून मी करारावर दोनच नावं घातली.

आम्ही समोर राहायला गेलो, वाचलेल्या भाड्यातून सायकल आली. पहिल्याच आठवड्यात बायकोनं, क्रांतीनं, चार ताटं वाढली आणि स्वतःच हसली. चौथं भिंतीकडं होतं. ते तिनं उचललं नाही.

मग शाळेची रिक्षा खाली थांबेना. मी रिक्षावाल्याला गाठलं.

"पोरगी वाडीला गेल्याय न्हवं तुमची?" तो म्हणाला.

हे मी फक्त धोंडुबाईंना सांगितलं होतं.

आज संध्याकाळी ताटं तीनच होती. क्रांतीचं, माझं आणि भिंतीकडचं.

"स्नेहलचं?" मी विचारलं.

क्रांतीनं भाकरी मोडली. "ती आल्यावर. कवा आणायची तिला वाडीस्नं? लई चुकल्याचुकल्यागत हुतंय वो."

स्नेहल माझ्या मांडीला टेकून बसली होती.

"बाबा, माझं ताट?"

आवाज फोनवरून यावा तसा लांबचा होता. त्याच्यामागं वाडीच्या दत्ताच्या देवळातली आरती ऐकू येत होती.