आईच्या उशाशी बसवलेली बेल

"तुझी बेल खोटी हाय," असं पराग फोनवर म्हणाला आणि मृणालचं टाळकंच सरकलं. भर मे महिन्याच्या दुपारी तिनं मल्टिमीटर पिशवीत टाकला, चरोद्याहून स्कूटी काढली आणि जुनवानीला भावाच्या घरी येऊन धडकली.

बेल तिनंच बनवली होती. आई, सत्यशीलाबाई, अर्धांगानं खाटेला खिळली तेव्हा. उशाशी एक बटन, तिथून हॉलपर्यंत वायर आणि हॉलच्या भिंतीवर डबी. डबीत सेल, बझर आणि आठ पायांची एक स्वस्तातली चिप, कूलरच्या टायमरमध्ये असते तसलीच. तिला मृणालनं एवढंच शिकवलं होतं, बटन दाबलं की वाज, सोडलं की गप्प बस. खोटं बोलायला अक्कल लागते. ती बिचारीत नव्हती.

"दिवसभर बोंबलून राहते," पराग म्हणाला. "आईचा हात तं आता उचलत बी नाही. तुझी चिप खराब, नाही तं आई पागल. नागपूरच्या आश्रमात बात केली मी. रविवारी नेऊन राहिलो."

"वा रे वा! आईले घराबाहेर काढतं तू, अन् नाव माह्या चिपचं? लाज वाटते का थोडी?"

"मग तू घेऊन जा न."

"माह्या क्वार्टरमध्ये सासू खाटेवर हाय. माहीत हाय तुले. म्हणून तं बोलून राहिला!"

तिनं तरातरा डबी उघडली. सेल ठीक, चिप ठीक, सोल्डरचे टाके ठीक. उशाजवळचं बटन पाहिलं. त्यावर धुळीचा थर होता, बोट लागल्याची खूण नव्हती. मृणाल जरा थबकली.

तेवढ्यात बेल वाजली.

"पाह्य! झाली सुरू," पराग हॉलमधून ओरडला.

आईचे ओठ सुकून फुटले होते. अंगाखालची चादर ओली होती. पाण्याची बाटली मात्र पार तिकडे, खिडकीत.

"हे बाटली कोणासाठी ठेवली रे तिकडं? खिडकीले तहान लागते?" मृणाल कडाडली. "बेल खोटी म्हणते! तुम्ही खोटे. कान हाय का भोकं पडले नुसते?"

परागची बायको उत्कर्षा मान खाली घालून स्वयंपाकघरात गेली. मृणालनं आईला चमच्याचमच्यानं पाणी पाजलं, चादर बदलली, पाठ पुसली. हे सगळं होईतो बेल वाजतच होती.

परागनं चिडून वायर उपटली.

बेल वाजत राहिली.

त्यानं सेल काढून सोफ्यावर फेकले. आवाज तसाच.

मृणालनं नखानं चिप उचकटली. आठ पाय वर करून ती तिच्या तळहातावर पडून होती. रिकामी डबी कोकलत होती.

मृणाल आईजवळ परत आली.

"आई, आणखी काय पाहिजे वं तुले?"

"मले नको, माय." आईची जीभ जड होती, पण शब्द स्वच्छ आले. तिचे डोळे खाटेपलीकडे, भिंतीलगतच्या फरशीकडे वळले. "ह्यायले दे. मागच्या उन्हाळ्यापासून पाणी मांगून राहिले. कोणी येतच नाही."

मागच्या उन्हाळ्यात बाबा तिथंच, अंथरुणावर झोपेतच गेले, असं परागनंच तेव्हा फोनवर कळवलं होतं.

तिनं वळून पाहिलं. पराग दारात उभा होता. कोणाले, असं त्यानं विचारलं नाही.

मृणालनं पेला भरला आणि खाटेपलीकडे फरशीवर ठेवला.

बेल थांबली.

मग कोणीतरी घटघट पाणी प्यायला लागलं. आईचे ओठ मिटलेले होते.