शुन-आननंतरचा एक श्वास

मासळीबाजाराच्या वरच्या मजल्यावर मच्छीमार संघाचं छोटं रेडिओ केंद्र होतं. तिथे नवं यंत्र बसवून जेमतेम चार दिवस झाले होते, आणि तेवढ्यात तक्रारी यायला लागल्या.

"प्रत्येक बोटीच्या नावानंतर कुणीतरी श्वास घेतं म्हणे," बी-श्या म्हणाली. केंद्राची तंत्रज्ञ तीच, आणि झाडलोट करणारीही तीच.

"कुणीतरी म्हणजे मीच," निवेदक कांग काका म्हणाले. "त्रेसष्ट वर्षं घेतोय. आता त्यालाही अर्ज करायचा का?"

बी-श्या हसली. अठरा दिवसांत पहिल्यांदाच.

चूक काकांची नव्हती. बोलणाऱ्याचा आवाज बारीक झाला की त्याला वर उचलायचं आणि चढला की खाली दाबायचं, एवढंच त्या यंत्राचं काम. पण फंगहू द्वीपसमूहातल्या या बेटावरची रीत त्याला कुठून ठाऊक असणार? संध्याकाळी सहाला हवामान सांगून झालं की काका भिंतीवरच्या लाकडी पाट्या बघून समुद्रातल्या बोटींची नावं वाचत, आणि प्रत्येक नावापाशी एक श्वासभर थांबत. तेवढ्यात तिकडे बोटीवरच्या माणसानं फळीवर तळहात आपटून 'आहे' म्हणायचं. ते इकडे कुणाला ऐकू येत नाही, तरी थांबायचं. यंत्राला ती शांतता म्हणजे फार हळू बोलणं वाटे. मग ते ती ओढून वर काढी. काकांचा दमा, भिंतीवरचं घड्याळ, खाली बर्फ फोडल्याची ठकठक, सगळं घराघरांत पोचे.

त्या नावांत सातवं नाव होतं शुन-आन. बी-श्याचा धाकटा भाऊ आ-खिम अठरा दिवसांपूर्वी एकटाच ती बोट घेऊन धुक्यात गेला होता, तो परतलाच नव्हता. दहाव्या दिवशी शोध थांबला. एकविसाव्या दिवशी पाटी उतरवून समुद्राची देवी माझू मातेच्या देवळात ठेवायची, असा संघाचा नियम होता. एकदा पाटी उतरली की नाव वाचलं जात नाही. बी-श्यानं मासळी सोडली होती. रोज पहाटे ती देवीपुढे तीन उदबत्त्या लावी, आणि मागणं एकच मागी: त्याला हाक मारणं थांबू नये.

त्या संध्याकाळी तिनं यंत्राची तिसरी खुंटी हळूहळू फिरवली. किती बारीक आवाजाला शांतता समजायचं आणि हात लावायचा नाही, हे त्या खुंटीवर ठरे. काका नावं वाचू लागले. पहिल्या नावानंतर यंत्रावरचा काटा मध्यावर निमूट उभा राहिला. दुसऱ्या नावानंतरही तसाच. तिला बरं वाटलं.

शुन-आननंतर काटा डावीकडे झुकला.

तो डावीकडे जाई तेव्हा यंत्र मोठा आवाज खाली दाबत असे. तिनं कानांवरचे हेडफोन घट्ट दाबून धरले. काही नव्हतं. आठव्या नावानंतर काटा पुन्हा स्थिर.

शेवटच्या नावानंतर काकांचे ओठ नेहमीसारखे आवाज न करता हलले. का, ते सगळ्या बंदराला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी देवळात गेलेली ती पाटी त्यांच्या मुलाच्या बोटीची होती, हाय-ख्वानची.

एकोणिसाव्या दिवशी बी-श्यानं माइकची तार बदलली आणि काकांना शुन-आन आधी वाचायला लावलं. काटा तिथेही त्याच नावानंतर डावीकडे झुकला, आणि कालच्यापेक्षा दुप्पट. विसाव्या दिवशी तिनं त्या एका श्वासापुरता माइकच बंद ठेवला.

काटा आणखी डावीकडे गेला.

"काका, तुम्हाला दिसलं?"

"मला चष्म्याशिवाय माझी बायको दिसत नाही," काका म्हणाले. मग चष्मा लावून ते काट्यावरच्या काचेवर वाकले. "काय दाबतंय गं ते?"

"मला ऐकू येत नाही. पण रोज ते मोठं होतंय."

एकविसाव्या दिवशी साडेपाचला संघाचे श्ये साहेब शिडी घेऊन आले. चेहरा पडलेला, पण हात पाटीकडे गेलेला.

"साहेब, दिवस अजून मावळलेला नाही," बी-श्या म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच खालचा होता. "आज वाचू द्या. मग मीच उतरवीन."

"पोरी, किती दिवस जिवाला लावून घेणार?"

"सूर्य बुडेपर्यंत."

साहेब शिडीच्या पायरीवरच बसले.

खिडकीबाहेर धुकं दाटलं होतं. काकांनी वाचायला घेतलं. सहा नावं. काटा जागचा हलला नाही.

"शुन-आन."

काटा थेट टोकाला जाऊन आदळला. लिमिटरचा तांबडा दिवा लागला. असह्य मोठा आवाज आला तरच लागायचा तो.

खोलीत घड्याळाची टिकटिक.

मग धक्क्यावरून कुणीतरी ओरडलं. कुत्री भुंकली. धुक्यातून, ताडपत्रीचं शीड बांधलेली एक बोट आडवीतिडवी आत येत होती.

आ-खिमला दोघांनी धरून आणलं. ओठ फुटलेले, पण शुद्धीवर होता. आईनं त्याला पेज भरवली, आणि घास न घेता बोलला म्हणून एक टपलीही मारली. त्याचा उजवा तळहात सुजून काळानिळा झाला होता.

"फळीवर आपटून," तो म्हणाला. "तुम्ही रोज नाव घ्यायचात ना. आधी लांबून यायचं. शेवटी तर एवढं मोठं, की मलाही जोरात उत्तर द्यावं लागलं. ज्या बाजूनं यायचं तिकडे शीड वळवलं, दुसरं काय?"

"रेडिओ तरी वाचला म्हणायचा," आई म्हणाली.

"रेडिओ?" आ-खिमनं पेजेचा वाडगा खाली ठेवला. "तो पहिल्याच लाटेत गेला, आई."

बोट परतली म्हणून दुसऱ्या दिवशी शुन-आनची पाटी भिंतीवरून उतरून घरी आली. संध्याकाळी काकांनी उरलेली नावं वाचली, काटा प्रत्येक नावापाशी निमूट राहिला, आणि बी-श्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. मग शेवटच्या नावानंतर काकांचे ओठ हलले.

काटा केसभर डावीकडे झुकला.

काकांची यंत्राकडे पाठ होती. काटा जिथे थांबला तिथे बी-श्यानं काचेवर खूण केली. पुढच्या संध्याकाळी तो थोडा अधिक झुकला. तिसऱ्या पहाटे तिनं देवीपुढे उदबत्त्या लावल्या, पुजाऱ्याची परवानगी घेतली, आणि हाय-ख्वानची जुनी पाटी कापडात गुंडाळून आणली.

सहाला ती पाटी तिनं रिकाम्या खिळ्यावर अडकवली. काकांनी ती पाहिली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"एवढ्या वर्षांनी, पोरी?"

"नुसतं वाचा, काका."

तिनं खुंटीवरचा हात काढून घेतला. काकांनी सगळी नावं वाचली आणि शेवटच्या पाटीपाशी येऊन घसा खाकरला. ओठ अजून मिटलेलेच होते.

काटा त्याआधीच हलला होता.