डावीकडे फिरणारी काठी

दार लोटून घ्या रे कुणीतरी. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. ही गोष्ट ऐकीव नाही. जिच्या बाबतीत घडली ती माझ्या मित्राची बायको, आम्ही सगळे तिला वहिनीच म्हणायचो.

जानेवारीतला शेवटचा शनिवार. दिवेलागणीला वहिनी हार्डवेअरच्या दुकानात गेली आणि तिने धुराडं साफ करायचा तारेचा ब्रश मागितला. सोबत एकमेकींत पिळून बसवायच्या काठ्यांचा जुडगा.

“साफ करणार कोण?” दुकानदाराने विचारलं.

“मी. का, तुम्ही येताय?”

“नको बाई. मी घरातला पंखा पुसत नाही, म्हणून रोज बोलणी खातो.” काठ्या बांधता बांधता तो म्हणाला, “एक लक्षात ठेवा. फिरवायचं ते उजवीकडेच. डावीकडे फिरवलंत की आटे सुटतात आणि ब्रश वरच राहतो. मग भिंत फोडायची वेळ येते.”

आदल्या रात्री त्या धुराड्यातून मालगाडी गेल्यासारखा आवाज आला होता. ओल्या लाकडांचा धूर आत गार झाला की डांबरासारखा थर धरतो, आणि तो थर पेटला की धुराड्याची भट्टी होते. त्या रात्री थोडाच पेटला, आपोआप विझला. पण भिंतीवर हात ठेववत नव्हता. त्याच भिंतीपलीकडे सासू निजायची, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. मित्र ट्रक घेऊन लांब गेलेला. पुन्हा पेटलं असतं, तर म्हातारीला एकटीने बाहेर काढणं वहिनीच्या आवाक्यातलं नव्हतं.

थर एवढा साचला तो सासऱ्यांमुळे. रात्री चुलीत ओली लाकडं रचायची आणि धुराड्याची झडप लोटायची, म्हणजे विस्तव पहाटेपर्यंत धुमसत राहतो, ही त्यांची पद्धत. चूल विझू द्यायची नाही, धुराड्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. मग ते वारले. पण झडप... वहिनी रात्री उघडी ठेवायची, सकाळी लोटलेली असायची. कुणी लोटली? मधे विचारू नका, ऐका.

“तुझे मामंजी अजून घर राखतायत गं,” सासू म्हणायची.

“राखतायत कसले? राख करतील एक दिवस!”

त्या शनिवारी वहिनीने सकाळीच चूल विझवली होती, तरी धुराडं निवायला रात्रीचे दहा वाजले. थंडी मरणाची. चूल पुन्हा पेटल्याशिवाय म्हातारीची रात्र निघाली नसती. वहिनीने बाह्या वर सारल्या, चुलीच्या तोंडावर ओली चादर बांधली आणि चादरीच्या भोकातून ब्रश वर घातला. एक काठी. तिला जोडून दुसरी. उजवीकडे पिळायचं, वर ढकलायचं. काचेसारखे काळे तुकडे खडखडत खाली येऊ लागले. तिला बरं वाटलं.

पाच काठ्या गेल्या. सहावी अडकली.

मग ती तिच्या हातात फिरली. डावीकडे.

तिने पकड आवळली. काठी थांबली. पुन्हा... हळूच... डावीकडे. वर बसून कुणीतरी सावकाश आटे सोडवत होतं.

चादर आत ओढली गेली. श्वास घेतल्यासारखी. धुराड्यातून खोकला आला.

ओळखीचा.

वहिनी चादरीच्या भोकाशी वाकली. “मामंजी?”

...

“मामंजी, काठी सोडा.”

डावीकडे.

“तुम्ही म्हणाल ते आजवर ऐकलं. मीठ किती, बोलायचं किती, हसायचं किती. आज नाही ऐकणार! पलीकडे आई झोपल्यात. तुमच्याच बायको आहेत ना?”

काठी थांबली. मग असा हिसका बसला की वहिनी गुडघ्यांवर पडली. तळहात सोलले. पण आता तीही इरेला पेटली. दोन्ही पाय तिने चुलीला टेकवले.

“ओढा! किती ओढताय ते बघतेच! मीही या घरात वीस वर्षं लाकडं फोडलीत!”

ती उजवीकडे. ते डावीकडे. एक आटा सुटला, हाताला कळलं. अजून एक...

भिंतीपलीकडून आवाज आला.

“अहो.”

सगळं स्तब्ध.

जन्मात कधी नवऱ्यापुढे मान वर केली नव्हती त्या म्हातारीने.

“अहो, पुरे झालं. सोडा.”

...

...

काठी सैल झाली. ब्रश सरसर वर गेला, धुराड्याच्या तोंडाबाहेर पडला आणि उरलेला थर धाडकन खाली कोसळला. वहिनी काजळीत बसून मोठ्याने हसली. झडपेचा पत्रा उपसून तिने अंगणात भिरकावला. कोरडी लाकडं रचली, चूल पेटवली. धूर सरळ वर गेला.

मग ती पलीकडच्या खोलीत गेली. दिवा लावला. सासू होती तशीच पडलेली. गळ्यापर्यंत पांढरं पांघरूण, त्यावर एक डाग नाही.

“पेटली गं?”

“पेटली, आई.”

“थोडं पाणी आण.”

“प्यायला?”

“नाही गं. हात धुवायला. नुसतं सांगून सोडतात होय ते?”

म्हातारीने पांघरुणाखालून हात बाहेर काढले. दोन्ही तळवे काळेकुट्ट. आणि मधोमध, काठी आवळून धरल्याचा लालभडक वळ.