दुसऱ्याची हाक

रविवारी सकाळी देवेंद्र काळसेकरने घरच्या संगणकाचा जीव घेतला आणि वर निवांत चहा प्यायला.

काम त्याच्या हातचा मळ. जुनी कार्यप्रणाली मुळासकट उपटायची आणि नवी टाकायची. कोरी स्थापना. सांगलीतल्या निम्म्या कारखान्यांत त्यानं हेच केलं होतं. जुन्यावरच नवं चढवणाऱ्यांना तो गबाळे म्हणायचा. पडद्यावर प्रश्न आला, ‘आधीची शिकवण जपायची का?’ जपायला चार तास लागणार होते आणि त्याला जेवणाआधी मोकळं व्हायचं होतं. त्यानं ‘नाही’ दाबलं.

ती शिकवण म्हणजे त्याच्या आईचं बोलणं होतं. नऊ वर्षांपूर्वी द्वारकाबाईंचं उजवं अंग गेलं आणि जीभ जड झाली. तेव्हापासून त्या बोलायच्या, संगणक ते उलगडायचा आणि देवेंद्र पलीकडच्या खोलीत फोनवर वाचायचा. जेवताना नवी प्रणाली म्हणाली, ‘आवाज ओळखता आला नाही.’ संध्याकाळपर्यंत ती तेवढंच म्हणत राहिली आणि द्वारकाबाईंनी पाण्याचा पेला भिंतीवर मारला.

मग त्यानं सुमेधा खैरमोडेला बोलावलं. कॉलेजातली मैत्रीण, आता वाणीतज्ज्ञ.

“कंपनी म्हणते, कसलंही अडखळतं मराठी ही एका दिवसात शिकते,” देवेंद्र म्हणाला.

“मराठी असेल तर शिकेल ना. काकू मराठी बोलतच नाहीत आता.”

“काहीतरीच काय.”

“ऐक. ते यंत्र त्यांना शिकत होतं, तशा त्याही यंत्राला शिकत होत्या. अख्खा शब्द काढायला त्यांना घाम फुटायचा. अर्ध्यावर त्याला कळलं, की त्या उरलेला अर्धा सोडून द्यायच्या. मग नुसत्या घशातल्या आवाजावर कळायला लागलं, तेव्हा तो अर्धाही सोडला. नऊ वर्षं हेच. त्या दोघांपुरती एक भाषा झाली होती. त्यातला एक तू पुसलास.”

“मग नव्याला शिकवू परत.”

“शिकवायला आवाजाचा अर्थ ठाऊक असलेला माणूस लागतो. तू तर त्यांच्याबरोबर राहतोस. सांग, आत्ताचा आवाज कसला होता?”

नऊ वर्षांत देवेंद्रनं आईचा आवाज ऐकलाच नव्हता. वाचला होता.

“मान हलवून हो-नाही सांगता येतं त्यांना. विचार एकेक,” सुमेधा म्हणाली.

तो आईच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसला. द्वारकाबाई पुन्हा पुन्हा एकच आवाज काढत होत्या, खोल, दोन ठोक्यांचा.

“पाणी हवंय, आई?” नाही. “गोळी?” नाही. “पाय दुखतोय?” नाही. “मला हाक मारतेस?”

त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डाव्या हातानं कोपऱ्यातल्या संगणकाकडे बोट केलं.

“त्याला हाक मारताहेत,” सुमेधा म्हणाली. “हाक यंत्राला जागं करायला असते, म्हणून ती तुझ्या फोनवर कधी उमटली नाही. काय नाव होतं त्याचं?”

“मला काय माहीत? मी फोनवरूनच हुकूम सोडायचो. जोडणीवाला आला तेव्हा ऑफिसात होतो. आईला तेव्हा थोडं बोलता येत होतं, तिनंच ठेवलं असेल.”

“हाकेचं नाव पुसलं जात नाही. चोरी झाली तर ओळख पटावी म्हणून आतल्या चिपमध्ये कायमचं कोरलेलं असतं.” सुमेधानं स्वतःचं यंत्र जोडलं, वाचलं आणि विचारलं, “दगडू कोण रे?”

देवेंद्रचे कान तापले.

त्याच्याआधीची दोन पोरं पाळण्यात गेली होती. तिसरं जगावं, नजर लागू नये म्हणून आईनं त्याचं नाव दगडू ठेवलं. शाळेत पोरं हसली तसं त्यानं ते बदलून घेतलं, आणि आईला बजावलं, या घरात पुन्हा ते नाव घेतलंस तर मी ओ देणार नाही. तिनं घेतलं नव्हतं. निदान त्याच्यासाठी तरी नाही.

“दगडू म्हणजे मी,” तो म्हणाला.

“होतास,” सुमेधा म्हणाली.

नवी प्रणाली म्हणत होती, ‘पहिल्या आवाजाचा अर्थ द्या.’ देवेंद्रची बोटं कळफलकावर थांबली. तेवढ्यात द्वारकाबाईंनी पुन्हा तो आवाज काढला.

“ओ,” देवेंद्र म्हणाला. “ओ, आई.”

दुसऱ्याला मारलेल्या हाकेला भलताच माणूस उभा राहिल्यावर पाहावं, तसं त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग हातानं त्याला बाजूला सारलं, कारण तो संगणकाच्या आड येत होता, आणि पुन्हा हाक मारली.