उशिराचं कारण

इंडोनेशियातल्या कुपांगहून आमच्या रोते बेटावर विमान पंचवीस मिनिटांत पोचतं. त्या पंचवीस मिनिटांसाठी मी सकाळी दहापासून खुर्चीला चिकटून बसले होते, आणि माझा पारा चढत चालला होता.

काउंटरवर एक उंच, सावळा मुलगा होता. छातीवर नाव – येफ्ता. लोक त्याच्यावर तुटून पडत होते, आणि हा पठ्ठ्या न विचारताच सगळं सांगत होता.

"विमानाला अर्धा तास उशीर झाला, सरबत घ्या. तासाभरानं खाऊ, दोन तासांनी जेवण. हा तुमचा हक्क आहे, लाजू नका."

"आणि चार तासांनी?" एका मामांनी विचारलं.

"तीन लाख रुपिया भरपाई."

"मग थांबतो की!" मामा ऐसपैस बसले.

बारा वाजता तो जेवणाचा डबा घेऊन माझ्यापुढे आला. आमच्याकडे तरुण मुलींना 'नोना' म्हणतात, तसंच त्यानं म्हटलं.

"नोना, सरबत नाही, खाऊ नाही... उपास की राग?"

"राग."

"माझ्यावर?"

"अजून ठरवलं नाहीये."

तो हसला, आणि खरं सांगते, माझा निम्मा राग तिथेच उतरला. मग मी बोलून गेले – आज चारच्या आत शिक्षण कचेरीत सही केली नाही, तर शाळेतली नोकरी यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार. तीन वर्षं वाट पाहिली होती मी.

त्यानं मागे पाहिलं. काचेआड साहेब उभे होते.

"विमान अजून दुसऱ्याच बेटावर आहे," तो हळूच म्हणाला. "चाक बदलायचंय, आणि चाक आलेलंच नाही. घोषणेआधी सांगायला मनाई आहे. पण कारण कळणं हा तुमचा हक्क. तिकीट रद्द करा, पूर्ण पैसे मिळतील. एकची बोट गाठा."

"आणि विमान आलं तर?"

"तर मला रोज शिव्या द्या."

"रोज? मग फोन नंबर लागेल तुमचा."

त्यानं तो पावतीमागे लिहून दिला... कान लाल झाले होते त्याचे. धावत जाऊन माझी बॅगही त्यानंच आणली. आणि मग हॉलच्या मधोमध उभं राहून तेच सगळं मोठ्यानं सर्वांना सांगितलं. साहेब तरातरा बाहेर आले. असा माणूस मी पाहिला नव्हता. मामा मात्र तीन लाखांसाठी जागचे हलले नाहीत.

तीन पस्तीसला माझी सही झाली. विमान उतरलं संध्याकाळी. मी फोन लावला.

"झाली सही."

"देवाची कृपा."

"देवाचं राहू दे. तुमचं काय झालं?"

"आठ दिवस घरी बसवलंय."

"माझ्यामुळे..."

"छे. सांगितलं तर असतंच. फक्त... इतक्या मोठ्यानं नसतं."

"आठ दिवस रिकामे आहात ना? मग या इकडे."

"शिव्या खायला?"

"या तर खरं."

रविवारी तो बोटीनं आला, खाऱ्या पाण्यानं निथळत. धक्क्यावर त्यानं हात पुढे केला. आमच्याकडे हात परक्यांशी मिळवतात, आपल्या माणसाला नाकाला नाक टेकवून भेटतात. मी त्याचा हात बाजूला सारला आणि टाचा उंचावल्या.

मग आठवलं, आई शेजारीच उभी होती. तिला हे सगळं सावकाश सांगायचं ठरवलं होतं मी... आता सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.