खोकला बरा करणाऱ्या बारा बरण्या

निनावी तक्रार आली म्हणून सकाळी अकराला अन्न-औषध खात्याच्या तपासणीबाईंनी किराणावाल्याच्या फळीवरून बारा बरण्या उतरवल्या. आलं-मधाचा पाक. चिठ्ठीवर छापलं होतं: 'सात दिवसांत खोकला बरा.'

एवढ्या एका ओळीने खाऊचं औषध होतं. औषधाला परवाना लागतो आणि किराण्यात ते विकता येत नाही. पाक करणाऱ्या वहिनीच्या दोन खोल्यांना दुपारी सील लागलं.

"मी असलं काही छापलंच नाही," वहिनी म्हणाली. नऊ वर्षं ती याच पातेल्यावर घर चालवत होती.

दीर हळहळला. त्याचं औषधाचं दुकान होतं, आणि वहिनीचा माल तोच स्कूटरवरून पोचवायचा. "वहिनी, घाबरू नका. परवान्याचं मी बघतो. पाक माझ्या नावावर करू."

बाईंचा संशय मात्र किराणावाल्यावर होता. त्याने आणखी आठ बरण्या पोत्याखाली दडवल्या होत्या.

"लपवल्या कशाला?"

"सील लागलं की माझाही माल बुडतो, म्हणून."

"चिठ्ठ्या तुम्ही बदलल्या?"

"बाई, दुकानात हाच पाक सगळ्यात जास्त खपतो. मी माझ्याच पायावर धोंडा मारून घेऊ?"

बाईंनी वीसही बरण्या उजेडात मांडल्या. आठांतला पाक पातळ, सोनेरी. बारांच्या तळाशी पांढरट रवा.

"हे कशाने?"

"गारठ्याने," वहिनी म्हणाली. "फ्रीजमध्ये मध साखर धरतो. मी सगळ्यांना बजावते, बाहेरच ठेवा."

"तुमच्याकडे फ्रीज आहे?"

"नाही."

किराणावाल्यानेही नकारार्थी मान हलवली. "माल एकाच पातेल्यातला. पण या आठ बरण्या लगेच आल्या, फळीवरच्या बारा मात्र पंधरा दिवसांनी."

बाईंनी बारांतल्या एका बरणीची चिठ्ठी नखाने उचलली. खाली वहिनीची साधी चिठ्ठी होती. मग त्या दिराकडे वळल्या.

"पंधरा दिवस बरण्या तुमच्याकडे होत्या. नवी चिठ्ठी तुम्ही डकवलीत, निनावी तक्रारही तुमचीच. पाक औषध ठरला की किराणावाला बाद, वहिनी बाद, उरता तुम्ही. पण सवय नडली. माल टिकवायचा म्हटलं की औषधवाला तो फ्रीजमध्ये ठेवतो."

"धंदा घरातच राहिला असता ना," दीर पुटपुटला.

वहिनीला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. प्रत्येक पातेल्यातली पहिली बरणी ती त्याच्या घरी पाठवायची.

बाईंनी वहिनीच्या दारावरचं सील काढलं.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "स्कूटरवरची माझी पेटी उतरवून ठेवा. माल आता मीच पोचवीन."