फ्रिजमधली फिक्रिया मावशी

त्या साली कैरोत भुतांना बरे दिवस आले होते. ईदसाठी सहा भयपट जाहीर झाले होते; पाच पुस्तकांवरून घेतलेले आणि सहावा त्या पाचांपैकी एकावरून. स्वतःचं डोकं चालवायला कुणी तयार नव्हतं. त्यामुळे ज्यांच्या कादंबऱ्या त्यांच्या नातेवाइकांनीही वाचल्या नव्हत्या, अशांनाही लोक बोलावून चहा पाजत होते.

लुत्फीला चहा पाजत होता वगीह. दोघं शुब्रातल्या एकाच शाळेत एकाच बाकावर बसलेले; आता एक कादंबरीकार होता आणि दुसरा दिग्दर्शक. लुत्फीच्या कादंबरीत मेलेली मावशी फ्रिजच्या घरघरीतून बोलायची, दार उघडं टाकणाऱ्यांचा उद्धार करायची आणि हळूहळू घरच्या एकेकाला गार करायची. मावशी खरी होती. लुत्फीच्या आईची धाकटी बहीण फिक्रिया, पुढच्या दातांत फट असलेली. आई नोकरीवर जायची, त्याला वाढवलं ते मावशीनं. फ्रिजचा भाग तेवढा लुत्फीच्या पदरचा.

"काय गोष्ट आहे यार," वगीह म्हणाला.

"तुझीच समज," लुत्फी म्हणाला.

कैरोत हे म्हणावंच लागतं. कुणी सदऱ्याचं कौतुक केलं की सदरा देऊ करायचा, लोणच्याचं केलं की बरणी. समोरच्यानं छातीवर हात ठेवून नको म्हणायचं. या रीतीमुळे एवढ्या मोठ्या शहरात आजवर कुणी उघडा पडलेला नाही.

वगीहनं छातीवर हात ठेवला. लुत्फीनं पुन्हा आग्रह केला, वगीहनं पुन्हा हात ठेवला. मग लुत्फीनं घरंदाज माणसासारखं तिसऱ्यांदा म्हटलं.

"बरं, घेतली," वगीह म्हणाला आणि चहात साखर ढवळू लागला.

लुत्फी पोट धरून हसला. कराराचं त्यानं नाव काढलं नाही. बालमित्राकडे सही मागायची म्हणजे पाहुण्याचे खिसे चाचपल्यासारखं.

पुढं तहरीर चौकाजवळ भलंमोठं पोस्टर लागलं. फ्रिजचं दार, त्यातून आलेला बायकी हात, आणि खाली: कोणत्याही पुस्तकावरून न घेतलेली, वगीहची अस्सल कथा. लुत्फीनं तिथूनच फोन लावला आणि शाळेपासून साठवलेल्या सगळ्या शिव्या दिल्या. वगीहनं शांतपणे ऐकून घेतल्या.

"तूच दिलीस ना," तो म्हणाला. "तिसऱ्या वेळेला नको म्हणायला मी विसरलो. पण दिलीस तर खरी."

पुरावा म्हणून लुत्फी घरी येऊन फळीवरची कादंबरी काढायला गेला. तिच्या जागी एक पातळ पुस्तक होतं. 'घरगुती फ्रिजची देखभाल'. लेखक लुत्फी. आतली अर्पणपत्रिका तीच, आईला. तिसरी आवृत्ती होती. कादंबरीची पहिलीसुद्धा संपली नव्हती.

प्रकाशकाला विचारलं तर त्यानं कादंबरीबद्दल काही ऐकलं नव्हतं; उलट एअर कंडिशनरवर काही लिहिताय का, असं आस्थेनं विचारलं.

लुत्फी आईकडे गेला. इन्शिराहबाई मुलुखियाची भाजी चिरत होत्या. मावशीचा एखादा फोटो दे, असं तो म्हणाला.

"कुठली मावशी?" त्या म्हणाल्या. "मी एकटीच रे माझ्या आईला. आणि आलाच आहेस तर फ्रिज बघ जरा, घरघरतोय. पुस्तकं लिहितोस ना त्याच्यावर?"

फ्रिज घरघरत होता. लुत्फी त्याच्याजवळ बराच वेळ उभा राहिला. ती नुसतीच घरघर होती.

त्या दिवसापासून पोस्टरवरच्या नावाचा हट्ट त्यानं सोडला. नाव जाऊ दे. पण जिनं घास भरवला ती कधी नव्हतीच, हे त्याला सोसेना. मावशी परत हवी होती, निदान आईच्या आठवणीत. म्हणून पहिल्याच दुपारच्या खेळाला तो आईला घेऊन गेला. पडद्यावर बहिणीची गोष्ट बघून तरी तिला ओळख पटेल.

वगीह पुढच्या रांगेत बसला होता. त्यानं मागं वळून हात हलवला. अगदी मनापासून.

चित्रपट सुरू झाला. मावशीचं काम कुठल्या नटीनं केलंय, हे लुत्फी शोधत होता. मग ती हसली. दातांत फट होती.

ती नटी नव्हती.

पडद्यावरचा मुलगा स्टुलावरून पडला. कानामागं खोक पडली. हे कादंबरीत होतं.

मावशीनं कॉफीची पूड जखमेत दाबून भरली. हे कादंबरीत नव्हतं; त्याचा वण लुत्फीच्या कानामागं होता. लुत्फीनं हे कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण मावशीनं तशी शपथ घातली होती.

"आईला बोलायचं नाही हं," पडद्यावर मावशी म्हणाली. "माझा शहाणा वगीह."

शेजारी आई हुंदके देत होती.

"फिक्रिया," ती म्हणाली. "माझी फिक्रिया गं."

लुत्फीच्या छातीवरचा दगड उतरला. त्यानं तिचा हात धरायला हात पुढं केला.

दिवे लागले. आई उठली आणि त्याच्या गुडघ्यांना वळसा घालून पुढच्या रांगेकडे गेली. वगीह उभा राहिला. तिनं त्याचं डोकं खांद्यावर ओढून घेतलं आणि बोटांनी त्याच्या कानामागं काहीतरी चाचपलं. तिथं काळपट, वेडीवाकडी रेघ होती. कॉफी जखमेत मुरली की राहते तशी.

"मला कधी बोलला नाहीस रे," ती रडत म्हणाली.

मग तिची नजर लुत्फीकडे गेली. तिनं डोळे पुसले.

"मला इथवर घेऊन आलात, उस्ताद. अल्ला तुमचं भलं करो," ती म्हणाली. "तुमच्या आई हयात आहेत ना?"

लुत्फीचा हात आपोआप कानामागं गेला होता. तिथली कातडी तान्ह्या पोरासारखी मऊ होती.